शेणोलीची गाडी आणि आमच्या दोन खुर्च्या

गेल्या रविवारी कुंडलजवळच्या माळावर प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारचा, काळ नाट्यरूपानं जिवंत उभा केला होता. मी आणि हे, दोघंही व्हीलचेअरवर. सांगलीहून निघतानाच ठरवलं होतं, लांबूनच बघून परतायचं. ढेकळांत चाकं रुतली तेव्हा तर तेही नको वाटलं.

तेवढ्यात खाकी अर्ध्या चड्डीतला एक 'इंग्रजांचा शिपाई' धावत आला, मागून तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाच्या, वेशातली तीन पोरं. "काकू, खुर्ची कुठं धरू?" असं त्यानं आधी विचारलं. न विचारता ढकलणारेच जास्त भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. चौघांनी आम्हाला पार दोरीपर्यंत नेलं, पुढच्या मंडळींना खाली बसवलं. पाचच मिनिटांत तीच पोरं त्याच शिपायाच्या मुसक्या बांधत होती!

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं रुळांवर दगड रचून सरकारी पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवली, तो प्रसंग आम्ही पहिल्या रांगेतून पाहिला. सासरे लहानपणी प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभेला गेले होते. यांचे डोळे भरले, पण धूळ गेली म्हणाले.

आणि त्या मावशी. तिथल्या शौचालयाला तीन पायऱ्या. मावशींनी आपल्या घराचं मागचं दार उघडलं, उंबऱ्यावर फळी टाकली, वर चहा पाजला. नाव विचारलं तर म्हणाल्या, "नावाचं काय करतासा?"

पोरांनो, मावशी, मनापासून आभार. आणि मावशी, तुमचा पाण्याचा तांब्या चुकून आमच्या पिशवीत आलाय. द्यायला येतोच.