संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: परदेशी फौजांना शिकवणाऱ्या उस्तादांचंही ऐका

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सविनय जय हिंद.

मी दापोलीचा, पायदळातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला काही काळ एका मित्रदेशाच्या फौजेला शिकवण्यात गेला. देशाचं नाव लिहिणं माझ्या शपथेत बसत नाही, आणि त्या देशाची नालस्ती करायची नाहीच. आपल्या बाजूने काय सुधारता येईल, तेवढंच मांडतो.

हे काम आपण फार आधीपासून करतो. भूतानमध्ये आपलं प्रशिक्षण पथक 1962 पासून आहे. नायजेरियाची संरक्षण अकादमी 1964 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे पहिले कमांडंट भारतीय ब्रिगेडियर होते. शिकवणारा फौजी कोकणालाही नवा नाही. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणून हे काम बंद करा असं मी म्हणणार नाही.

परक्या फौजेला शिकवणाऱ्या सल्लागाराची घुसमट ही, की जबाबदारी अंगावर असते आणि अधिकार काहीच नसतो. दुसऱ्याच्या होडीत बसलेल्या तांडेलाने वारा सांगावा, सुकाणूला हात लावू नये, तसं. हे योग्यच आहे. त्यांचे जवान त्यांच्याच साहेबांच्या हुकमात हवेत. पण घासून तयार केलेली मशीनगनची पोरं एका सकाळी कुणा पुढाऱ्याच्या बंदोबस्तावर निघून जायची, आणि रेंजवर नवी कोरी पोरं उभी राहायची. रजिस्टरातली नफरी, म्हणजे जवानांची संख्या, मैदानावर दिसायची नाही. पगार थकला की जवान पेरणीला घरी जायचे. त्यांना काय बोलणार? घरी पोरंबाळं होती. त्यातले कित्येक आपल्या कुठल्याही पलटणीत शोभले असते, हे मी छातीठोकपणे सांगतो.

हे सगळं मी अहवालात लिहीत होतो. वर जाताजाता त्याची धार जायची. मैत्रीला तडा नको म्हणून शेवटी 'प्रगती समाधानकारक' एवढंच उरायचं. महोदय, मला सर्वांत जास्त टोचलं ते हे. ती पोरं माझ्या शिकवणीच्या भरवशावर गोळीसमोर जाणार होती, आणि ती अजून तयार नाहीत हे ऐकायला कुणी नव्हतं.

याची किंमत जगाने ऑगस्ट 2021 मध्ये काबूलला पाहिली. अमेरिकेने 20 वर्षं घडवलेली, कागदावर सुमारे 3 लाखांची अफगाण फौज बघता बघता कोसळली. पगारपत्रकावर नावं होती, माणसं नव्हती. विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेले आणि विमानं जमिनीवर अडकली. तो जवान भित्रा नव्हता. त्याआधी हजारो अफगाण जवान लढत मेले होते. या त्रुटी अफगाणिस्तानातला खर्च तपासणाऱ्या अमेरिकेच्याच महानिरीक्षकांनी अहवालांमागून अहवालांत लिहून ठेवल्या होत्या. आपण देतो त्या गाड्या आणि शस्त्रंही सुट्या भागांशिवाय आणि मेकॅनिकशिवाय वर्षभरात शेडमध्ये जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाषेचं तर सरळ आपल्या हातात आहे. आपल्याच मंत्रालयाची परकीय भाषा शाळा दिल्लीत 1948 पासून आहे. तिथे अरबी, फारसी, पश्तू, सिंहली शिकवतात. पण मी गेलो तो एकही शब्द न शिकता. मी दहा मिनिटं समजवायचो, दुभाष्या दोन वाक्यांत उरकायचा, आणि तो त्यांच्या साहेबाचा माणूस असल्याने जवान शंकाच विचारायचे नाहीत. जाणाऱ्या हवालदारालाही सहा महिने भाषा शिकवा, फक्त अधिकाऱ्यांना नव्हे. जुना उस्ताद परतण्याआधी नवा काही आठवडे त्याच्यासोबत राहू द्या. माझ्यानंतर आलेल्याने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. आणि पथकाचा मूळ अहवाल, एक ओळही न गाळता, आपल्या मंत्रालयात कुणीतरी वाचावा. मैत्री सांभाळणारे अधिकारी वेगळे ठेवा, फौज जोखणारे वेगळे.

परतल्यावर मला कुणी काही विचारलं नाही. रजा, नवी पोस्टिंग, मग पेन्शन. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातच असे काम करून आलेले आणखी उस्ताद सापडतील. त्यांना बोलवा, त्यांचं लिहून घ्या. माझ्या टिपणांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. मंत्रालयातून सांगावा आला, तर स्वखर्चाने दिल्लीला घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार मेजर
दापोली, जि. रत्नागिरी