घाशीरामची क्रूरता आणि गौरीचा सौदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावर आलेल्या लेखात घाशीरामचे वर्णन ‘सत्ता डोक्यात गेलेला माणूस’ असे केले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ज्याच्या डोक्यात नुसती सत्ता गेली आहे तो मिजास दाखवील, पैसा ओरबाडील. घाशीराम मात्र कोतवाली मिळताच रात्री-अपरात्री लोकांच्या घरांत शिरून कोणाच्या अंथरुणात कोण आहे याची झडती घेतो. नेमके हेच का, हा प्रश्न लेखात यायला हवा होता.

दक्षिणेच्या आशेने पर्वतीला गेलेल्या या कनोजी ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, कोठडी नशिबी येते. आणि अधिकार हाती आल्यावर तो चोरीचाच आळ असलेल्या एका ब्राह्मणाच्या हातांवर तापलेला लोखंडी गोळा ठेववतो. मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये ज्याला आक्रमकाशी तादात्म्य (ज्याने छळले त्याच्यासारखेच आपण होणे) म्हटले, ते हेच. दंतवैद्याने दुखवलेला सहा वर्षांचा मुलगा त्यांच्या खोलीत येऊन रबर नि दोरा कापत सुटतो, पेन्सिलींची टोके मोडतो, असे उदाहरण त्या देतात. मात्र मला त्यांचे पुढचे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते: स्वतःच्या अपराधाची टोचणी सोसवत नाही, तोवर माणूस दुसऱ्याच्या अपराधावर त्वेषाने तुटून पडतो. कोतवालीसाठी पोटची लेक गौरी पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याच्या हवाली करणारा बाप पुणेभर व्यभिचार हुडकत का हिंडतो, याचा उलगडा इथे होतो.

गौरीच्या मृत्यूनंतर हा आडोसा टिकत नाही. जाब विचारायला गेलेला घाशीराम नानाच्या गोड बोलण्यापुढे मुकाट परततो आणि नानावर न उठलेला हात शहरावर अधिकच जोराने पडू लागतो. शेवटी जमाव चालून येतो तो कोठडीत गुदमरून मेलेल्या ब्राह्मणांसाठी; पण घाशीराम दयेची भीक न मागता मुलीच्या नाशाबद्दल आपल्याला मारा, असे स्वतःच ओरडून सांगतो. जमावाचा आरोप एक आणि त्याने स्वतःवर ठेवलेला आरोप दुसरा, हे प्रयोग पाहताना सहज निसटते.

अर्थात, हे विवेचन नाटकातील पात्रापुरतेच आहे. १७९१ मध्ये मारल्या गेलेल्या ऐतिहासिक कोतवालाला ते चिकटवू नये. तेंडुलकरांनी या पात्राला बालपण दिलेले नाही, तेव्हा आपणही ते रचू नये. अशा वाचनाने नाना सुटतो, हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. घाशीराम प्रत्येक टप्प्यावर बदलतो, नाना आरंभापासून अखेरपर्यंत तसाच राहतो, कारण त्याच्या वाट्याची टोचणी भोगायला त्याने दुसराच माणूस नेमलेला असतो. आणि तो माणूस ठेचून मारला गेल्यावर नाना पुण्याला उत्सव करायला सांगतो.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली