हल्ला कोणता आणि गर्दी कोणती, हे निविदेत विचारा

मा. परिवहनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गाड्या आणि रस्त्याकडेची युनिट एकमेकांशी बोलतील अशी यंत्रणा विकत घेताना पुरवठादार 'सायबर हल्ला ओळखण्याची अचूकता 99 टक्के' असं सांगतील. त्या आकड्यावर सही करू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

अशी यंत्रणा सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कवर चालवली, तर संदेश कोणत्या वाटेने जाईल हे कंट्रोलर नावाचा मध्यवर्ती प्रोग्रॅम ठरवतो. संदेश पुढे पाठवणाऱ्या स्विचकडे अनोळखी पॅकेट, म्हणजे संदेशाचा तुकडा, आलं की तो कंट्रोलरला विचारतो आणि मिळालेला नियम आपल्या तक्त्यात नोंदवतो. हल्लेखोर याचाच फायदा घेतो. दर पॅकेटवर पाठवणाऱ्याचा नवा खोटा पत्ता टाकला की स्विच दरवेळी विचारत बसतो. कंट्रोलर प्रश्नांनी बेजार होतो, तक्ता भरून जातो आणि खऱ्या गाड्यांचे संदेश अडकतात. यासाठी एकही पासवर्ड फोडावा लागत नाही.

ओळखायचं कसं? नेहमीचा उपाय एन्ट्रॉपीचा, म्हणजे पत्ते किती विखुरलेले आहेत ते मोजण्याचा: सगळा मारा एकाच ठिकाणावर होऊ लागला की संदेश जिथे जायचे त्या पत्त्यांमधलं वैविध्य घटतं आणि धोक्याची घंटा वाजते. पण मोठा अपघात झाला तरी नेमकं हेच होतं. शेकडो गाड्या एका युनिटभोवती खोळंबतात आणि सगळ्या एकाच सर्व्हरकडे पर्यायी रस्ता मागतात. ही गर्दी हल्ला समजून तोडली, तर रुग्णवाहिकेचा संदेशही तिच्याबरोबर जाईल. उलट सावकाश, थोडी थोडी खोटी पॅकेट सोडून तक्ता भरणारा हल्ला या मोजणीतून सहज निसटतो.

प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण 10 वेळा आपली जागा आणि वेग कळवते. हजार गाड्यांचे झाले 10,000 संदेश. एक टक्का चूक म्हणजे सेकंदाला 100 चुकीचे निवाडे. शिवाय अनेक शोधनिबंधांतली अचूकता 1999 च्या केडीडी या नेटवर्क-हल्ल्यांच्या माहितीसंचाच्या सुधारित आवृत्तीवर मोजलेली असते. त्यात गाड्या नाहीतच!

म्हणून चाचणी अपघाताच्या कोंडीत आणि संथ हल्ल्यात, दोन्हीकडे घ्यावी. ओळखणारी यंत्रणा फक्त कंट्रोलरवर नको, युनिटवरही हवी. नाहीतर कंट्रोलरबरोबर तीही बुडेल. कंट्रोलर बंद पडला तरी गाडी-ते-गाडी थेट संदेश चालूच राहिले पाहिजेत.

संयुक्त राष्ट्रांचा 2020 चा वाहनांच्या सायबर सुरक्षेचा आर155 नियम गाडी बनवणाऱ्यांना बांधील धरतो. रस्त्याकडेचा कंट्रोलर मात्र आपल्या खात्याचा असेल, तेव्हा त्याच्या चाचण्यांचे निकाल खात्यानेच जाहीर करावेत, ही विनंती.

आपला,
एक नेटवर्क अभियंता