भगंदर, मूळपेशी आणि ‘विनाऑपरेशन’ची जाहिरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात गेले काही आठवडे शेवटच्या पानावर एक जाहिरात येते : ‘भगंदर कायमचा बरा, मूळपेशींच्या एकाच इंजेक्शनने, विनाऑपरेशन.’ माझी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली आणि त्यातली बरीच वर्षं सर्जरी वॉर्डात ड्रेसिंग करण्यात गेली. त्यामुळे त्यातल्या ‘विनाऑपरेशन’वर गप्प बसवेना.

हा आजार माणूस सहजासहजी सांगत नाही. ‘सिस्टर, जरा दार लावता का?’ इथून सुरुवात. बसायच्या जागेजवळ गळू होतं, फुटतं, पू जातो, बरं वाटतं. पुन्हा काही दिवसांनी तिथंच. मूळव्याध समजून मलमं चोळली जातात. खरं तर बहुतेकांच्या बाबतीत गुदद्वाराच्या आतल्या बारीक ग्रंथीत संसर्ग होऊन तिथून बाहेरच्या कातडीपर्यंत बोगदा पडलेला असतो. तो वरवरचा असेल तर उघडून टाकला की भरून येतो. पण शी धरून ठेवणाऱ्या स्नायूतून बराच वरून गेला असेल, त्याला फाटे फुटले असतील, तर सर्जनचा कस लागतो. स्नायू जास्त कापला तर शी आवरत नाही. आतलं तोंड राहून गेलं तर पू परत येतो.

ते आतलं तोंड कसं शोधतात, हे मी टेबलाशी उभी राहून पाहिलंय. बाहेरच्या छिद्रातून हायड्रोजन पेरॉक्साइड हळूच सोडतात आणि सगळ्यांचे डोळे आत लागलेले असतात. एखाद्या ठिकाणी पांढरा फेस उसळतो. तेच तोंड. ते सापडून बंद झालं नाही, तर बाहेरून काहीही भरा, उपयोग नाही.

आता मूळपेशींबद्दल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होऊ शकतात त्या पेशींबद्दल. ही थाप नाही. माद्रिदचे सर्जन गार्सिया-ओल्मो यांनी वीसेक वर्षांपूर्वी चरबीतून काढलेल्या मूळपेशी भगंदरावर वापरायला सुरुवात केली. त्यातून पुढे ‘डार्व्हाडस्ट्रोसेल’ हे औषध आलं, तेही क्रोन्स या आतड्याच्या आजारामुळे होणाऱ्या अवघड भगंदरासाठी. पण ते देण्याची रीत बघा. आधी बोगद्यात दोरा घालून पू निचरू द्यायचा, मग भूल देऊन बोगदा खरवडायचा, आतलं तोंड टाक्यांनी शिवायचं आणि त्यानंतर भोवतीच्या पेशीजालात १२ कोटी पेशी टोचायच्या. म्हणजे ऑपरेशन आहेच. पेशी त्याच्या जोडीला.

२०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या औषधाच्या चाचणीत २१२ रुग्ण होते. २४ आठवड्यांनी पेशी दिलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के बरे झाले, नुसतं सलाइन टोचलेल्यांपैकी ३४. त्यावर २०१८ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने युरोपातून औषध मागे घेतलं. माझ्या नजरेत भरलं ते सलाइनवाल्यांचं. त्यांचाही बोगदा साफ केला होता, तोंड शिवलं होतं. नीट खरवडून नीट शिवलं तर इतकी माणसं बरी होतात, हे कुणी जाहिरातीत छापत नाही.

क्षारसूत्राचंही तसंच, म्हणजे क्षार लावलेला औषधी दोरा बोगद्यात बांधायच्या आयुर्वेदिक उपचाराचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीत त्याला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवडे लागले, पण आजार उलटण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, ऑपरेशननंतर ११. आमच्या वॉर्डातल्या काही डॉक्टरांना हे रुचायचं नाही, ते असो.

आमच्या गावातला ऊस वाहणारा एक पोरगा अशाच एका केंद्रात जाऊन आला. दोन लाखांच्या वर आकडा सांगितला. एमआरआय नाही, खोकला-ताप विचारला नाही. पुढे सरकारी रुग्णालयात बोगद्याचा तुकडा तपासणीला पाठवला, तर टीबी निघाला. आता त्याच्या गोळ्या चालू आहेत आणि पू थांबलाय. तिथं पेशी टोचून काय होणार होतं?

संशोधन थांबावं असं मी म्हणत नाही. पण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडून मूळपेशींचे उपचार नोंदणीकृत चाचणीतच करायचे, असं स्पष्ट म्हटलंय. चाचणी असेल तर प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

तेव्हा विनंती अशी. अशी जाहिरात आली की आपल्या जाहिरात विभागाने चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि तो नसेल तर जाहिरात परत पाठवावी. आणि आपल्या आरोग्य प्रतिनिधीने जिल्हा रुग्णालयात भगंदराच्या रुग्णाला एमआरआयसाठी किती थांबावं लागतं, काढलेला तुकडा टीबीसाठी दर वेळी तपासला जातो का, एवढं विचारून त्याच पानावर छापावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोरेगाव, जि. सातारा