नको म्हणण्याची सोय ठेवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, उत्सवी नाटकांची हस्तपत्रके, शाळांचे फॉर्म, पावतीपुस्तके, अशी कामे. वडील गोवा मुक्तीपूर्वी पणजीला एका छापखान्यात जुळारी होते. त्यांनी खिळे जुळवले, मी ऑफसेट आणले, आता मुलगा संगणकावर बसतो. हे सांगायचे कारण असे की लोकांची घरगुती माहिती आमच्या हातांखालून जाते. कुणाची सोयरीक जुळली, कुणाचे उत्तरकार्य कधी, पत्रिकेतून कुठल्या काकाचे नाव गाळायचे आहे, हे आम्हाला गावाआधी कळते. ते दुकानाच्या उंबरठ्याबाहेर न्यायचे नाही, ही या धंद्याची रीत. वडील प्रुफाचे कागदसुद्धा रद्दीत घालत नसत, फाडून टाकत.

समाजमाध्यमांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर माझे खाते नाही. व्हॉट्सॲप दुकानाच्या फोनवर आहे, तेही गिऱ्हाइकांपायी. ‘मजकूर कागदावर लिहून आणा’ म्हटले तर गिऱ्हाईक मान डोलावते आणि दुसऱ्या छापखान्यात जाते. तेव्हा सोवळ्याचा आव मी आणत नाही. माझे गाऱ्हाणे निराळे आहे. ज्याला या जंजाळात पडायचे नाही त्याला बाहेर राहायला जागाच उरलेली नाही, आणि ती परदेशातल्या कंपन्यांनी जेवढी खाल्ली तेवढीच आपल्या गावच्या शाळांनी, देवस्थानांनी आणि पंचायतींनीही खाल्ली आहे.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. एका घरच्यांनी पत्रिका छापायला दिली आणि बजावले, घरचा पत्ता घालू नका, फक्त हॉलचा घाला. मुहूर्ताच्या दिवशी सगळे कुटुंब हॉलवर असणार, घराला कुलूप. आम्ही तसेच केले. पत्रिका दुकानातून गेल्या त्याच संध्याकाळी मुलीच्या आतेभावाने तिचा फोटो फेसबुकवर टाकला. खाली हळदीला येणाऱ्यांच्या सोयीसाठी घराचा नकाशा, यजमानांचा फोन नंबर आणि ‘सर्वांनी सहकुटुंब यावे’. मुलगा गुणी आहे, हौसेने केले. काही विपरीत झाले नाही, पण त्या घराला कुलूप कधी असणार हे कुणाही अनोळखी माणसाला बसल्याजागी वाचता येत होते. यजमानांनी स्वतः फेसबुक उघडूनही पाहिलेले नाही. त्यांना आधी विचारावे, असे घरात कुणाच्याच मनात आले नाही, हे मला जास्त लागले.

वडील सांगत, पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. प्रूफ घेऊन कचेरीत जायचे, ताटकळत बसायचे, शिक्का मारून आणायचा. मुलीच्या लग्नाचा मजकूर परक्या अधिकाऱ्याने वाचायचा, याची चीड त्यांच्या बोलण्यात म्हातारपणापर्यंत होती. पण वाचणारा कोण आणि तो कुठल्या खोलीत बसतो हे तरी त्यांना ठाऊक होते. आज पत्रिकेबरोबर गोत्र, गाव, सोयरे, दागिने, नवरीच्या मेंदीचा फोटो हे सगळे आपण होऊन नेऊन देतो, आणि पलीकडे कोण बसला आहे ते विचारतही नाही.

‘बाबा, तुम्ही तिथे नाहीच, मग तुम्हाला कसली काळजी?’ असे मुलगा मला म्हणतो. त्याला मी एक आकडा दाखवतो. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराची कामे घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे प्रकरण उघडकीला आले. फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या ॲपमधून जगभरातल्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती तिच्याकडे गेली असावी, असे खुद्द फेसबुकनेच सांगितले. भारतापुरता हिशेबही त्यांनीच दिला. ते ॲप घेतलेले भारतीय होते ३३५. आणि त्या ३३५ जणांशी मैत्री असल्यामुळे ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, ते ५ लाख ६२ हजारांच्या वर! या पाच लाखांनी काहीच केले नव्हते. कसलेही बटण दाबले नव्हते. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपले खाते नीट कुलूपबंद ठेवले असेल. किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

हे झाले खाते असलेल्यांचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग अमेरिकी काँग्रेससमोर बसले असताना त्यांना विचारण्यात आले, ज्यांचे खातेच नाही अशांचीही माहिती तुम्ही गोळा करता का? सुरक्षेच्या कारणासाठी करतो, असे त्यांनी मान्य केले. माझा नंबर माझ्या गिऱ्हाइकांच्या फोनमधून तिकडे कधीच पोचला असणार, कारण फोनमधली सगळी नावे वाचू द्यायची का असे ॲपने विचारले की आपण ‘हो’ म्हणतो. त्या नावांत मी कुठे ‘छापखाना’ आहे, कुठे ‘छापखानेवाले काका’. एका गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये मी ‘पत्रिका उशिरा’ या नावाने आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते बदलण्याचा अधिकार मला नाही.

व्हॉट्सॲपवाल्यांच्या बाजूचेही एक सांगायला हवे. २०१६ पासून तिथले निरोप पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतात, मधल्या कुणाला नाही, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण कोण कुणाशी, कधी आणि किती वेळा बोलतो, ही नोंद त्या कुलपात येत नाही. तेवढ्याने काय कळणार, असे म्हणणाऱ्याने माझ्या दुकानाची ऑर्डरीची वही चाळावी. मजकुराचा एक शब्द न वाचता, नुसत्या नावांवरून आणि तारखांवरून, कुठल्या घरात काय शिजते आहे ते मी सांगू शकेन. सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि शब्द फिरवण्याचा इतिहास आहेच. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले तेव्हा युरोपीय आयोगाला सांगितले होते की दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीने जुळवणे आपल्याला जमणार नाही. २०१६ मध्ये अटी बदलल्या आणि जुळवण्याची वाट उघडली. आयोगाने खणून काढले तेव्हा दिसले की ते जमण्याजोगे आहे हे कंपनीतल्या लोकांना २०१४ मध्येही माहीत होते. दिशाभूल केल्याबद्दल २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर नव्या अटी आल्या, त्या मुकाट्याने मान्य करा अशा थाटात. त्या प्रकरणी आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला; कंपनी अपिलात गेली. दंडाचे आकडे वाचून बरे वाटते, पण तेवढ्याने माझ्या दुकानातला एकही गिऱ्हाईक पुन्हा कागदावर मजकूर आणू लागलेला नाही.

कायद्याचे म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या. देवळाचा जीर्णोद्धारसुद्धा याहून लवकर होतो. त्यातली एक गोष्ट लोकांना फारशी ठाऊक नाही: माणसाने जी माहिती स्वतःहून जगजाहीर केली तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे आपली जत्रा, आपली गणेश चवथ, गणपतीवर बांधलेली आपली फळाफुलांची माटोळी आणि तिच्याखाली बसवलेले आपले लहान मूल, हे आपण सगळ्यांना दिसेल असे टाकले की पुढचे आपले आपण बघायचे.

मुलांचे नाव निघाले म्हणून सांगतो. माझी नात प्राथमिक शाळेत आहे. वेशभूषा स्पर्धेतला तिचा फोटो शाळेच्या फेसबुकवर आला, नाव, इयत्ता आणि तुकडी यांच्यासकट. सून मुख्याध्यापिकेकडे गेली. बाई सज्जन, त्यांनी शांतपणे प्रवेशाचा फॉर्म काढून दाखवला. ‘शाळेच्या उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास आमची हरकत नाही’, खाली सुनेची सही. तो फॉर्म आमच्याच मशीनवर छापलेला, म्हणून मला तोंडपाठ आहे. त्यात हरकत आहे असे म्हणायला जागाच नाही. सही न केल्यास फॉर्म अपुरा, आणि फॉर्म अपुरा तर प्रवेश नाही. बाईंनी फोटो काढून टाकला, पण तोवर तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरून आला होता. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. आपल्याकडेही तसे करा म्हणणारे भेटतात. करा बापडे, पण वय तपासायचे तर कुणाचा तरी चेहरा नाहीतर कागद तपासावा लागणार, म्हणजे आणखी थोडी माहिती त्यांच्याच हातात. शिवाय माझ्या नातीचे कुठे खाते होते? तिला तिथे नेऊन बसवले ते शाळेने.

तसेच देवळाचे. आमच्याकडे भजनी सप्ताहात कुठल्या वाड्याने कधी उभे राहायचे याचे पत्रक पूर्वी छापून देवळाच्या फळ्यावर लागायचे. आता ते गटावर पडते. आमच्या वाड्यावर एक वयस्क पखवाजवाले आहेत. फोन साधा, बटणांचा. गेल्या श्रावणात रात्री उशिरा गटावर वेळ बदलल्याचा निरोप पडला. हे पहाटे आंघोळ करून, पखवाज घेऊन देवळात पोचले तेव्हा वाड्याची पाळी होऊन गेली होती. त्यांनी विचारले तर समितीतला एक तरुण म्हणाला, “ग्रुपार घातिल्लें मरे!” म्हणजे ग्रुपवर टाकले होते की! एवढ्या एका वाक्यात प्रकरण मिटले. पाणी कधी येणार नाही, ग्रामसभा कुठल्या रविवारी, महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या सभासदांची, सभा पुढे गेली की नाही, या सगळ्याचे आता हेच उत्तर झाले आहे. आणि गटात शिरलात की तुमचा नंबर शेदोनशे माणसांपुढे उघडा. आमच्या वाड्यावरच्या काही बायका एवढ्याच कारणाने गटात येत नाहीत. त्यांना ‘मागासलेल्या’ म्हणतात. मला त्या शहाण्या वाटतात.

पत्रके छापली गेली तर फायदा माझाच, असे कुणी म्हणेल. म्हणू दे. पण फळ्यावर लावायला एकच प्रत लागते, आणि ती देवस्थानच्या कचेरीतल्या प्रिंटरवरही निघते. माझ्याकडे यायची गरज नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे दोनच विनंत्या. शाळांनी छायाचित्राच्या त्या ओळीपुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन घालावेत, आणि ‘नाही’वर खूण केलेल्या मुलालाही समूहगीतात पहिल्या रांगेत उभे करावे, कॅमेऱ्याने हवे तर थोडे बाजूला सरकावे. फॉर्ममध्ये दोन चौकोन वाढवण्याचे जादा पैसे कुठलाही मुद्रक घेणार नाही. दुसरे असे की पंचायत आणि देवस्थान यांनी जी सूचना गटावर टाकली ती त्याच दिवशी फळ्यावर लावावी, आणि फळ्यावर लागल्याशिवाय ती दिली असे धरू नये. महाजनांच्या येत्या सभेसाठी तसा लेखी ठराव मी दिला आहे. आमच्या देवळाच्या फळ्याची काच फुटली आहे आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे सध्या कुणालाच माहीत नाही. काचेचा खर्च मी देतो असे ठरावाखाली लिहिले आहे. किल्ली समितीने शोधावी.

आपला,
एक मुद्रक, फोंडा

(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. छापताना, आणि विशेषतः आपल्या फेसबुक पानावर हे पत्र घालणार असाल तर, फक्त गावाचे नाव ठेवावे.)