कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे विस्मरण

संपादक महोदय,

भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाचा विषय निघाला की दादासाहेब फाळके यांचे नाव घेऊन आपण थांबतो, आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचा उल्लेख, झालाच तर, एखाद्या ओळीत उरकला जातो, याचे मनापासून वाईट वाटते. बाबूराव पेंटर, म्हणजेच बाबूराव कृष्णराव मेस्त्री, १८९० साली कोल्हापुरात जन्मले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने नात्यातल्या, पण सख्ख्या भावासारख्या असलेल्या आनंदरावांसह चित्रपटाचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी खचून न जाता सहकारी दामले यांच्या साथीने त्यांनी स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० च्या ‘सैरंध्री’त त्यांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या, हे त्या काळी केवढे धाडस होते! लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले.

मला मात्र त्यांचे मोठेपण १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये अधिक जाणवते. पौराणिक कथांची चलती असताना कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. पुढे ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी स्थापणारे शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे सारे याच तालमीत घडले.

त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती नष्ट झाल्या आहेत. निदान उरलेले तुकडे, चित्रे आणि छायाचित्रे शासनाने कोल्हापुरातच कायमस्वरूपी दालनात जतन करावीत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर