स्वभावाला औषध

फोंडा,
२२ जून

प्रिय नलू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, भाऊजींच्या रिपोर्टचा फोटोही पाहिला. तीन महिन्यांची सरासरी साखर इतकी वर गेलीय म्हटल्यावर तुझा जीव थाऱ्यावर नसणार हे कळतं. पण तुझं शेवटचं वाक्य मला तेव्हापासून टोचतंय. ‘स्वभावाला औषध नसतं. तू तर जन्मभर स्वभावाचाच अभ्यास केलास, तूच सांग.’ सांगते. पाऊस लागून राहिलाय, आज बाहेर पडायचं नाही, तेव्हा सविस्तरच लिहिते.

तू शिक्षिका, म्हणून आधी हवाईची हकिगत. १९५९ ते १९६७ या काळात जॉन डिगमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या प्राथमिक शाळांतल्या बाईंना आणि गुरुजींना एक काम दिलं. एकेक गुण घ्यायचा, म्हणजे हातचं काम पुरं करणं, जपून वागणं, दुसऱ्याचा विचार करणं, आणि वर्गातली सगळी मुलं त्या गुणाप्रमाणे वरपासून खालपर्यंत लावायची. दोन हजारांवर मुलांची अशी नोंद झाली. त्या वेळी हेतू एवढाच होता की स्वभावाचे मूळ धागे किती ते शोधावेत. मुलं मोठी झाली, पांगली. पुढे ओरेगनमधल्या संशोधन संस्थेतले लुईस गोल्डबर्ग आणि सारा हॅम्पसन यांनी ती माणसं पुन्हा शोधायला घेतली. मुली लग्न करून आडनाव बदलून गेलेल्या, कुणी बेट सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर स्थायिक झालेले. तरी त्यातली कितीतरी सापडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या बाईंच्या नोंदी एका बाजूला आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्याच माणसांचं सिगारेट ओढणं, खाणंपिणं, वजन, तब्येत दुसऱ्या बाजूला, असं ताडून पाहिल्यावर दोन्हींत नातं दिसलं. पहिला निबंध २००६ साली आला. नंतर त्यांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर असं प्रत्यक्ष मोजलंही. लहानपणी ज्यांना बाईंनी नेटकेपणात, म्हणजे हातचं काम पुरं करण्यात आणि जपून वागण्यात, खाली ठेवलं होतं, त्यांच्या शरीराची घडी चाळीस वर्षांनी जास्त विस्कटलेली निघाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझीच आठवण झाली. डिचोलीच्या तुझ्या शाळेतल्या पोरांविषयी तू किती बारकाईने बोलायचीस! कोण पाटी पुसल्याशिवाय उठत नाही, कोण गणित अर्ध्यावर टाकून खिडकीबाहेर बघतो. कुठलाही डॉक्टर त्या वयात मुलाला तितका जवळून पाहत नाही.

पण नलू, यातला संबंध लहान आहे, आणि हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं बजावत आले. हजारो माणसांच्या गठ्ठ्यात कल दिसतो. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून कुणालाच वर्तवता येत नाही. भाऊजींचंही नाही.

हॅम्पसनबाईंचं काम मला आदर्श वाटत आलं, ते त्या एका प्रश्नाच्या मागे सगळं आयुष्य चिकाटीने गेल्या म्हणून. सुरुवातीला त्यांचा विषय होता, आपण दुसऱ्याचा स्वभाव ठरवतो कसा. १९८२च्या त्यांच्या पुस्तकात मुद्दा असा की व्यक्तिमत्त्व तीन जागी घडतं: माणूस जे वागतो त्यात, बघणारा जे बघतो त्यात, आणि तो स्वतःला जसा समजतो त्यात. मग त्या मधुमेहाकडे वळल्या. रुग्णांना त्यांनी विचारलं, तुमच्या मते हा आजार कशाने झाला, किती गंभीर आहे, उपाय चालतो असं तुम्हाला वाटतं का? पथ्यामुळे फरक पडतो असं ज्याला मनापासून वाटतं, तो पथ्य जास्त पाळतो, असं त्यांना आढळलं. आणि त्यानंतर हवाई. मला ही वाट फार मोलाची वाटते, कारण ‘हा मुळातच बेफिकीर’ असं म्हणून हात झटकायची सोय त्यात कुठेच राहत नाही.

नेटकेपणाचं आणि आयुष्याचं नातं इतरांनाही सापडलं आहे. टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर हुशार मुलं निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घ्यायला सुरुवात केली. १९९३ साली हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या, तेव्हा जबाबदारीने वागणारी मुलं जास्त जगलेली दिसली. खुशालचेंडू, हसरी मुलं मात्र सरासरीने लवकर गेलेली. मोठेपणी त्यांचं पिणं, ओढणं, धाडस करणं जास्त होतं, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नव्हता. २००४ साली बॉग आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी १९४ अभ्यास एकत्र केले. दारू, तंबाखू, आहार, व्यायाम, बेदरकार गाडी हाकणं, कुठेही बघ, नेटकेपणा कमी तिथे वागणं जास्त घातक. स्वभाव थेट रक्तात उतरत नाही, नलू. तो रोजच्या बारीकसारीक वागण्यातून, शिक्षणातून, नोकरीतून उतरतो. आणि या वाटेवर मध्येच कुठेतरी हात घालता येतो.

आता आपल्या गोव्याचं. २०२३ साली देशभरच्या पाहणीचे आकडे आले, तेव्हा मधुमेहात गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. सव्वीस टक्के माणसं स्वभावाने बेफिकीर असतील का गं? खाणं, बसून करायची कामं, वय, सगळंच बदललंय. तरी एका दवाखान्याच्या कागदावर मी शेरा वाचला आहे, ‘रुग्ण ऐकत नाही.’ मला त्या शब्दांचा राग येतो. ऐकत नाही म्हणजे कुणाचं, काय, आणि का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

माझ्या मुलाखतींतला एक माणूस मला विसरता येत नाही. तुझ्याच तालुक्यातला, खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर. गोळ्या चुकायच्या, साखर चढलेली, घरात रोजची कटकट. मी त्याला त्याच्या ट्रकविषयी बोलतं केलं. रोज पहाटे इंजिनातलं तेल काडी घालून बघायचा, टायर हाताने दाबून बघायचा, आरशावरची लाल धूळ पुसल्याशिवाय चावी फिरवायचा नाही. यापेक्षा जबाबदार माणूस कुठला? २०१८ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, आणि पहाटे उठायचं कारणच गेलं. जेवणाची वेळ गेली, त्यासोबत गोळीचीही. आजाराचं विचारलं तर म्हणाला, ‘गोड खाल्लं त्या दिवशीच साखर असते, बाई. बाकीच्या दिवशी गोळी कशाला वाया घालवायची?’ त्याच्या हिशेबात तो काटकसर करत होता. हे त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी तो हिशेब आम्ही दोघांनी समोरासमोर बसून सोडवला. मग मी विचारलं, तुमच्या दिवसात न चुकता काय होतं? तो हसून म्हणाला, पदेराचा हॉर्न. सकाळी सायकलवरून पाववाला पदेर येतो, बायको दोन पोयी घेते, चहा होतो. मग ठरलं ते असं: हॉर्न वाजला की गोळ्यांची डबी बशीत ठेवायची, पोयी खाऊन झाली की गोळी. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच ठरवून ठेवण्यावर गोलविट्झर आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ९४ चाचण्या एकत्र करून दाखवलं आहे की नुसत्या इच्छेपेक्षा असा बेत चांगलाच जास्त पार पडतो. त्याची साखर एका महिन्यात जागेवर आली नाही, पण गोळी चुकणं जवळजवळ थांबलं. माणूस तोच होता.

आपल्याकडे दारूच्या बाबतीतही हे आजमावलं गेलं आहे. संगाथ संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी थोड्याच बैठकांत बोलणं करवलं. तीन महिन्यांनी त्यातून सावरलेले ३६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांवरचे २६ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. दहा टक्क्यांचा फरक, पण तो गावातल्याच माणसांनी, खुर्ची समोर ओढून बोलून पाडला.

आणि खुद्द स्वभाव? तोही हलतो. रॉबर्ट्स यांनी २०१७ साली २०७ अभ्यास पाहिले. मानसिक उपचारांनी मन स्थिरावणं सगळ्यात जास्त दिसलं, नेटकेपणा मात्र थोडाच वाढलेला. एरवी वय वाढतं तशी बहुतेक माणसं आपसूकच जास्त जबाबदार होतात. पण भाऊजींच्या रक्तातली साखर तेवढी वाट बघणार नाही, म्हणून त्यांचा स्वभाव बदलायच्या मागे तू लागू नकोस.

तू लिहितेस, ते मित्रांत रमतात, वेळेचं भान राहत नाही, रात्री उशिरा घरी येऊन समोर येईल ते खातात. मग मित्रांनाच धर ना. भजनी मंडळातले ते दोघे संध्याकाळी फिरायला जातात असं तूच मागे लिहिलं होतंस. एकट्याने चालणं भाऊजींना जमायचं नाही, पण चौघांत गप्पा मारत ते साखळी गावापर्यंतही चालत जातील. आणि गोळीची वेळ ठरवायचं काम तू करू नकोस. त्यांनाच विचार, दिवसात काय चुकत नाही. डोस, इन्सुलिन वगैरे डॉक्टरांशी बोलूनच, ते मी सांगायला नको.

एक काम मात्र या आठवड्यात कर. चहाच्या वेळी, ओरडायच्या सुरात अजिबात नाही, त्यांना विचार: ‘तुमच्या मते तुमची साखर कशाने वाढते?’ मध्ये बोलू नकोस, दुरुस्त करू नकोस. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव. चतुर्थीला तुमच्याकडे येतेच आहे, तोवर पुढचं बोलायला तेवढं हाताशी हवं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वसू